पितृपक्षातलं प्रकाशन

"अहो, भिजतंय सगळं!"

मागून आवाज आला, तेव्हा मी स्टुलावर चढून वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर 'आगामी कार्यक्रम' लिहीत होते. श्रावणातली सर ती... आली ती तिरपीच. मी वळते न वळते, तोच एका उंच, सावळ्या तरुणाने अंगातला रेनकोट काढून दोन्ही हातांनी वर धरला — माझ्यावर नाही हं, फळ्यावर!

"मी भिजले तर चालेल वाटतं?"

"तुम्ही वाळाल हो. एवढं सुंदर अक्षर पुसलं गेलं तर?"

असा राग आला म्हणून सांगू! पण अक्षराची स्तुती केलेली... मेला टिकलाच नाही तो राग.

नाव गोरक्ष, मखमलाबादचा. घरची गुलाब-शेवंती फुलबाजारात उतरवून तसाच आला होता. त्याला आमचा हॉल हवा होता, आईच्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी. आई, म्हणजे विमलाबाई, सातवी शिकलेल्या. मळ्यातल्या माणसांच्या आठवणी त्यांनी दुपारच्या वेळात बसून लिहून काढल्या होत्या.

"तिचं पहिलंच पुस्तक आहे," तो म्हणाला. "थाटात झालं पाहिजे. पाहुणे, हारतुरे, भरलेला हॉल... सगळं."

मी कॅलेंडर पाहिलं. व्याख्यानं, चित्रप्रदर्शन, जुन्या नाण्यांचं प्रदर्शन, नुसती गर्दी. "गणपती उठल्यानंतरचा रविवार मोकळा आहे. नाहीतर मग थेट दिवाळीनंतर."

त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा कॅलेंडरकडे...

"रविवारच द्या."

मी देऊन टाकला. बाई गं, समोरचा असा बघत असताना कुणाचं डोकं चालेल?

त्यानंतर स्वारी रोज हजर. कधी निमंत्रणपत्रिका दाखवायला, कधी माईक चालतो का ते बघायला. एकदा तर सह्याद्रीतल्या खडकांवरच्या व्याख्यानाला शेवटच्या रांगेत येऊन बसला आणि छान झोपला.

"व्याख्यान आवडलं?" मी बाहेर विचारलं.

"फार! खडकांबद्दल होतं ना?"

"फळ्यावर वाचलंत की!"

"मग? फळा वाचायलाच तर येतो मी."

मी पदर नीट केला आणि उगीचच कपाट उघडलं. कपाटात काही नव्हतं.

आणि मग आमचे कार्यवाह, यादव सर, पत्रिका हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. कपाळावर हात!

"मनीषा, अगं सगळं नाशिक पितरांना जेवू घालत असताना तू प्रकाशन ठेवलंस? हॉल मोकळा का होता, हे नाही सुचलं? पितृपक्षात कुणी शुभकार्य करतं का?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. प्रमुख पाहुण्यांचा फोन आला होता. त्यांच्याकडे त्याच दिवशी वडिलांचं श्राद्ध, ते येणार नव्हते. पत्रिका तर साऱ्या भावकीत वाटून झालेल्या. त्या माउलीच्या पहिल्या पुस्तकाचा मी असा विचका केला होता. आणि गोरक्ष? तो आता माझ्याकडे ढुंकून तरी बघेल का? शहर बसमध्ये बसून मी मखमलाबाद येईपर्यंत डोळे पुसत होते.

विमलाबाई शेवंती खुडत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. वेंधळेपणा झाला माझ्याकडून. पाया पडते तुमच्या."

"तिची चूक नाय, आई." मागे गोरक्ष उभा होता, डोक्यावर रिकामी टोपली. घरी त्याची भाषाही मळ्यातली झाली होती. "मला तवाच माहीत होतं. पण दुसरी तारीख दिवाळीनंतरची... तवर वाचनालयात जायाला काय निमित्त होतं मला?"

"काय?" मी ओरडलेच. "आणि बोलणी मी खाल्ली ती?"

"आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. धीरच झाला नाय. चुकलं माझं."

विमलाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तरीच! फुलं विकून हे पोरगं दुपार कलल्यावर घरी येतंय," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग खुडलेली फुलं बाजूला ठेवली.

"आता माझं ऐका. पुस्तकात हाय कोण? माझी सासू, तिची जाऊ, विहीर खणणारा वाल्मीक... समदे गेलेले. त्यांची आठवण काढायला याहून चांगला पंधरवडा कोणता? त्यांना पान वाढतो, तसं हे पुस्तक वाढू. दिवस बदलायचा नाय."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"आपण तिघं हाय की."

तिघं! माझे कान तापले.

मी फळ्यावर ठळक लिहिलं: 'गेलेल्या माणसांच्या आठवणी — पितृपक्षातच प्रकाशन.' यादव सर म्हणाले, "बघ बाई, तू आणि तुझ्या रिकाम्या खुर्च्या."

रविवारी वेळ झाली आणि खुर्च्या खरंच रिकाम्या. गोरक्ष सरळ असलेल्याच रांगा पुन्हा सरळ करत होता. विमलाबाई पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवेना...

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. मग दुसरा. श्राद्धाची जेवणं उरकून अख्खी भावकी उतरली, पांढऱ्या टोप्या, नऊवारी लुगडी, कडेवर पोरं. म्हाताऱ्या झुंबरबाई तर थेट पहिल्या रांगेत येऊन म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याचं नाव हाय म्हणं पुस्तकात! वाच की गं विमल!"

पाहुण्यांवाचून काही अडलं नाही. विमलाबाईंनी स्वतःच फीत सोडली आणि वाचायला लागल्या. लोक खो खो हसले, मग डोळे पुसू लागले. यादव सरांना बसायला खुर्ची उरली नाही, आणि मी आनंदाने रडत होते.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं खुर्च्या रचत होतो.

"अजून रागावली आहेस?" त्याने विचारलं.

"अहो-जाहो संपलं वाटतं?"

तो लाजला. खरंच लाजला! "तू मला फार आवडतेस, मनीषा. पहिल्या दिवसापासून. अजून एक विचारायचं आहे... पण घटस्थापनेला. आईला घेऊन, तुझ्या बाबांसमोर, रीतसर. तारखेत एकदा लबाडी केली, ती पुरे."

"आणि तोवर?"

"तोवर... जीव टांगणीला. तू काय म्हणशील कुणास ठाऊक."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"प्रश्न घटस्थापनेलाच विचार," मी म्हटलं. "उत्तर मात्र आत्ताच घेऊन जा — हो."