शून्य टाक

"कार्ल तूच ना? माझ्या बापाला अडवून ठेवलंयस तू!"

एक्सर गावठाणातल्या त्या दारात उभा असलेला तरुण बघतच राहिला. हातात ब्रश, गालावर दाढीचा फेस. "तुझा बाप... कोण?"

"रोनाल्ड. मरोळचे."

"रोनाल्ड अंकल? कुठे आहेत? मेसेजला उत्तरच देत नाहीत."

"गेले. ईस्टरनंतर."

त्याचा ब्रश खाली आला. पण यव्होन थांबली नाही. थांबली असती तर रडली असती. डॅडींनी गावठाणांतल्या म्हाताऱ्यांना घरी बोलावून लग्नातली गाणी रेकॉर्ड केली होती, आणि एका सॉफ्टवेअरवरून सगळ्यांना वाटली होती. ज्याने घेतली त्याने आपल्या मशीनवरून पुढे द्यायची, एवढाच नियम. डॅडींमागे छप्पर गळलं, त्यांची हार्ड डिस्क भिजून मेली. आता सगळी गाणी एकट्या कार्लकडे होती... आणि त्याच्याकडून थेंब थेंब येत होती.

"फुकट्या! घेताना बरं भराभर घेतलंस!"

"आत येऊन शिव्या दे ना गं. गावठाण ऐकतंय."

त्याने लॅपटॉप उघडला. सेटिंग्जमध्ये अपलोडची, म्हणजे पुढे देण्याच्या वेगाची, मर्यादा होती— एक.

"अंकल म्हणायचे, शून्य टाक. मला वाटलं रागावलेत, काहीच देऊ नको म्हणतायत. म्हटलं, निदान एक तरी..."

"अरे गाढवा, इथे शून्य म्हणजे मर्यादाच नाही!"

तिने एक खोडून शून्य दाबलं. त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

आकडे धावू लागले. वसई, टोरांटो, मरोळ... अडलेले सगळे सुटले.

"पेनड्राइव्हवर देऊ? लगेच होईल."

"नको. डॅडींच्या पद्धतीनेच येऊ दे."

"मग तोवर हे ऐक. माझं आवडतं."

मातीच्या घुमटावर थाप पडली, बायकांनी सूर धरला, आणि मध्येच डॅडी ओरडले, "यव्होन, मिक्सर बंद कर गं!"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"ती यव्होन... तूच?" कार्ल हळूच म्हणाला. "मला वाटायचं, एकदा बघावी ही मिक्सरवाली."

"बघितलीस. मग?"

"मग... भीती वाटते, यार."

तिला हसू आलं. त्या हसण्याचाही तिला राग आला. दारातून वळून ती म्हणाली, "मशीन बंद केलंस तर परत येऊन दार तोडीन."

गालावरचा सुकलेला फेस पुसत तो म्हणाला, "मग आजच बंद करतो."

"कर तर खरं," यव्होन म्हणाली. "रविवारी येते तोडायला."