सात नंबरच्या कठड्यावरच्या गाठी

चिमी थर्मासमध्ये गरम पाणी भरून वॉर्डात परतली, तेव्हा तिच्या दादाला खिडकीजवळच्या सात नंबरच्या पलंगावर हलवलं होतं. दुपारचे दोन वाजले होते. पाळी बदलत होती. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका पलंगापाशी नेऊन पेशंट सोपवत होती.

"अपघात. छातीत नळी. भ्रमात आहे, सारखा नळीला हात घालतो." मग चिमीकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "नळी निघाली तर जिवावर बेतेल, बाळ. लक्ष ठेव."

म्हणून नव्या सिस्टरने दादाचे हात बांधायला घेतले. पलंगाच्या कठड्याला दोन्ही बाजूंनी जुन्या पट्टीचे घट्ट गाठ मारलेले फास तसेच होते. घाईघाईत तिने नवी पट्टी त्यांतूनच ओवली.

वॉर्डातली मावशी फडकं घेऊन आली आणि थबकली.

"या गाठी कापल्या नाहीत, सिस्टर?"

"वेळ कुणाला होता? स्ट्रेचरवाला दारातच बोंबलत होता म्हणे."

"गेलेल्या माणसाच्या गाठी पलंगावर ठेवत नाहीत."

"मग तुम्ही सिस्टर व्हा. मी फडकं मारते."

सिस्टर पुढच्या पलंगाकडे गेली. मावशी चिमीच्या कानाशी वाकली. "सकाळी इथे एक पैलवान गेला. बांधलेले हात दर दोन तासांनी सोडून चोळायचे असतात. पण त्याने वॉर्डबॉयचा जबडा फोडला होता. मग रात्रभर कुणी जवळच गेलं नाही. 'सोडा... सोडा...' म्हणतच गेला बिचारा."

फिनेलच्या वासाखालून घामाचा दर्प वर आला. दादाने डोळे उघडले.

"सोड..."

आवाज दादाचा नव्हता. जाड होता, खोल होता.

सिस्टर धावत येऊन त्याच्यावर वाकली, तोच त्याचं कपाळ तिच्या नाकावर आदळलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि तिचा पांढरा कोट छातीपर्यंत लाल झाला. दुसऱ्या एका वॉर्डबॉयने दादाचे खांदे दाबले. दादाने त्याच्या दंडात दात रुतवले आणि मान झटकली, तेव्हा दातांत मांस होतं. चार दिवस चमचाभर पाणी न पेलणारा दादा अख्खा पलंग फरशीवरून करकरत ओढत होता. नळी ताणली गेली. टाक्यांतून रक्त झिरपू लागलं.

मावशीने स्वतःला त्याच्या छातीवर झोकून दिलं आणि नळी दोन्ही मुठींत धरली.

"पोरी, सिस्टरच्या खिशातली कात्री घे. जुन्या गाठी काप."

"हात सुटतील त्याचे. नळी उपटेल तो..."

"काप म्हणते ना..."

चिमीने डावी गाठ कापली. सुटलेली मूठ तिच्या जबड्यावर बसली. तोंडात रक्ताची चव आली, एक दात जिभेवर पडला. ती पलंगाखालून सरपटत पलीकडे गेली आणि डोळे मिटून उजवी गाठ कापली.

दादा पिशवी रिकामी व्हावी तसा कोसळला. नळी जागेवर होती. नळीला जोडलेल्या खालच्या बाटलीत बुडबुडे हळूहळू वर येऊ लागले.

डॉक्टरांनी टाके नीट केले. मावशीने पट्टीचा तुकडा न् तुकडा उचलून जाळायला नेला. सिस्टरने नाकातला कापूस सावरत कबूल केलं की आता याला बांधायचं नाही.

चार वाजता दादा जागा झाला. डोळे त्याचेच होते, आवाजही त्याचाच.

"चिमे, हात सोड ना गं... दुखतायत."

"सुटेच आहेत, दादा."

"नाहीत."

त्याचा हात कठड्यालगत पडला होता. मनगटावर काही नव्हतं. चिमीने दोन्ही हातांनी ते धरलं आणि वर उचललं. फार जड लागलं. तिने आणखी जोर लावला. हात दोन बोटं वर आला, आणि त्याच्याबरोबर पलंगाचा लोखंडी पाय फरशीवरून उचलला गेला.