दुसऱ्या टाकीचे तीन ठोके

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली त्यानेच मला सांगितली. पटत नसेल तर आग्रह नाही, पुण्यात तशीही आग्रहाची पद्धत नाही.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. खडकी. दुपारचे सव्वादोन, लख्ख ऊन. म्हणजे अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

समाधान तिथे एक छोटं गॅरेज चालवतो. खरं तर त्याच्या वस्तादांचं, बापूरावांचं. बापूराव जानेवारीत गेले. स्वतःच्याच जुन्या पिकअपखाली, काम करता करता.

समाधान रडला नाही. त्याला काही वाटतच नव्हतं. जेवायचा, झोपायचा, सकाळी पाना हातात घ्यायचा.

त्या पिकअपला डिझेलच्या दोन टाक्या. काटा कधीचाच बंद. बापूराव गाडीखाली झोपून टाकीवर पाना वाजवायचे. टण्ण वाजली तर रिकामी, भद्द वाजली तर भरलेली. मग दोन ठोके दिले की केबिनमधल्या समाधानने कॉक फिरवून दुसरी टाकी लावायची.

दोनच ठोके. कायम.

फक्त शेवटच्या दिवशी... तीन ठोके पडले होते.

समाधान फोनवर होता. तो ओरडला, "थांबा हो जरा!"

ठोके थांबले. फोन ठेवून तो वाकला, तेव्हा सगळं संपलं होतं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. बापूरावांच्या बायकोला, कौशल्याकाकूंना, एवढंच म्हणाला, "काही आवाजच आला नाही, काकू."

त्या मंगळवारी काकू आल्या. "गाडी तेवढी चालू करून दे रे. दारात उभी असली तरी बरं वाटेल."

पहिल्या टाकीवर गाडी सुरू झाली. दुसरी लावली की आचके देऊन बंद. फिल्टर साफ, पंप ठीक. गोम परतीच्या नळीत निघाली. दुसऱ्या टाकीतून ओढलेलं डिझेल, इंजिनाला पुरून उरलं की, पहिलीत जाऊन पडत होतं. पहिली काठोकाठ, दुसरी पार कोरडी.

समाधानने दुसरी टाकी उतरवून भिंतीला टेकवली. काकू स्टुलावर चहा घेत होत्या. तो केबिनमध्ये चढला, किल्लीला हात लावला...

भद्द. भद्द. भद्द.

आवाज गाडीखालून आला, दुसऱ्या टाकीच्या जागेवरून.

तो उतरून वाकला. खाली कुणी नव्हतं. त्या जागी टाकीचे नुसते पट्टे लोंबत होते. पलीकडे काकूंच्या चपला दिसत होत्या.

आणि भिंतीजवळची टाकी रिकामी होती. ती वाजली असती तर टण्ण वाजली असती.

"तीन," काकू शांतपणे म्हणाल्या. "घरीही असंच करायचे. खाटेवर तीनदा वाजवायचे. छातीत कळ आली की तोंडातून शब्द फुटायचा नाही त्यांच्या. मग मी धावत जायचे."



पुन्हा...

भद्द. भद्द. भद्द.

आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा हो जरा!"

ठोके थांबले. लगेच.

काकूंनी कप खाली ठेवला. "त्या दिवशीही असंच म्हणालास?"



काकू उठून गेल्या. पुन्हा गॅरेजकडे फिरकल्या नाहीत. गाडी अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकाला थांबा म्हणायचं असलं, तर समाधान हाताने खूण करतो.

परवा मला म्हणाला, "ठोके परत आले नाहीत. तेच वाईट आहे. मी थांबा म्हणालोय ना... ते थांबलेत."