चिरलेला कान

“चोराच्या घरात लेक देऊ व्हय मी? सोयरीक मोडली, बन्सीधर. मोडली म्हंजे मोडली.”

“माझ्या पोराला चोर म्हनू नगंस, ग्यानबा.”

ताडकळसच्या शिवारात दोन धनगरांची भर दुपारी जुंपली होती. बन्सीधरनं तपासाला परभणीहून बोलावलेली बबिता दोघांच्या मधी जाऊन उभी राहिली. तिचा जोडीदार हरिओम अजून मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नव्हता.

भांडण एका एडक्याचं. दोघांचे कळप एकाच शेतात बसवलेले. बाजारच्या दिवशी राखणीला बन्सीधरचा नागेश होता, ग्यानबाचा होणारा जावई. त्यानं विकायची मेंढरं व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवली आणि संध्याकाळी ग्यानबाचा थोरला एडका गायब. ग्यानबानं चार माणसांत नागेशच्या कपाळात काठी घातली. आता नागेशवरचा डाग पुसला नाही, तर ग्यानबाच्या लेकीचं, राजेश्रीचं लग्न काही होत नव्हतं.

बबिता आधी मेंढरांतच शिरली. सगळी बाजाराच्या आदल्या दिवशीच कातरलेली. बांधावर लोकरीचे ढीग, कुठं निळे झुपके, कुठं तांबडे. हरिओमनं रंगांचं विचारलं.

“पाठीवरची खूण,” ग्यानबा गुरकावला. “आमची निळी, त्यांची तांबडी.”

डावा कान चिरलेली एक म्हातारी मेंढी हरिओमची पिशवी हुंगायला लागली. बबितानं विचारलं, ही विकायची का? ग्यानबानं तिच्या चिरलेल्या कानाला हात लावला. “देवाची हाय ती. मरस्तोवर कळपातच ऱ्हाती.”

नागेश बाभळीखाली बसला होता, कपाळाला पट्टी. वर्षभर पुण्याला कंपनीत होता, आठच दिवसांखाली आलेला.

“आमचीच दिली, ताई. दुसऱ्याचं एकबी न्हाई. आईची आण.”

आण तर सगळेच घेतात, हरिओमला वाटलं. त्याचा काही विश्वास बसला नाही.

मग व्यापारी बबलू. तो गावात चहा पीत भेटला. म्हणाला, पोरानं उजेडात, सगळ्यांदेखत माल दिला, चोरी कसली? माल त्याच दिवशी हैदराबादला गेला आणि कापलाबी. शेजारी त्याचा हैदराबादी ड्रायव्हर टेम्पो धूत होता. हरिओमनं त्याला विचारलं, त्या दिवशी गाडीत काही वेगळं दिसलं का?

“तख्ते कू खून लगा था. धो दिया मैं.”

हरिओमनं बबिताचा हात गच्च धरला. “ताई, खून. गाडीत खून झालाय.”

“अरे येड्या, त्याच्या बोलीत खून म्हंजे रक्त. शब्द तोच, घर दुसरं.” ती हसली आणि हसता हसताच टेम्पोकडं वळली. मग ड्रायव्हरला विचारलं, रक्त कुणाचं?

बड्या एडक्याच्या कानाचं, तो म्हणाला. बबलूनं खांदे उडवले. त्यात काय नवल? बन्सीधरच्या विकायच्या मालाचे कान चिरलेलेच असतात.

शेतात परत येऊन बबितानं सगळ्यांना बाभळीखाली बसवलं.

“ग्यानबामामा, एडक्याचा कान कधी चिरला?”

“बाजारच्या दिशी. सकाळच्याला. राजेश्रीचं लगीन नीट व्हावं म्हनून देवाला सोडला.”

“बन्सीधरमामाला सांगितलं?”

“नवस कुनी सांगतं का?”

“तिथंच घात झाला. तुमच्यात कान चिरला की जनावर देवाचं. ह्यांच्यात कान चिरला की विकायचं. रंगावरून कळलं असतं, पण रंग लोकरीबरोबर बांधावर पडला. नागेश वर्षानं आलेला, त्याला तुमचा एडका तोंडावरून ओळखू येईना. डावा कान चिरलेला म्हणजे आपलाच, असं समजून त्यानं चढवला. तुमची म्हातारी मेंढी वाचली, कारण ती देवाची हे बन्सीधरमामाच्या घराला आधीपासून ठाऊक होतं. एडक्याची जखम ओली होती, फळीवर रक्त त्याचंच. चोर कुणीच नाही.”

ग्यानबा आपल्या हाताकडं बघत राहिला. त्याच हातानं कान चिरला होता, काठीबी त्याच हातानं मारली होती. हरिओमला त्याच्याकडं बघवेना.

“नागेश,” ग्यानबा कसाबसा म्हणाला, “लेका, चुकलं माझं. लगीन ठरलं तसंच करू.”

नागेशनं झाडामागची बॅग उचलली. पालाच्या दाराशी राजेश्री उभी होती. त्यानं एकदा तिकडं बघितलं.

“मामा, मारायच्या आधी इचारलं असतं, तर कान बघून दिला म्हनून मीच सांगितलं असतं.”

“बस की जरा. भाकर तरी खा.”

“फाट्यावर पुण्याची गाडी यायलीय, मामा. मला आता निघावं लागतंय.”