चंपाची कूस

२०२४ सालचा उन्हाळा. बुद्धपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. भर दुपारी तात्याराव बिबवेवाडीतल्या घराला बाहेरून कुलूप लावून मलम आणायला निघाले. आत चंपा एकटी होती. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली.

तिच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला होता. सकाळीच तात्यारावांनी तो तेल लावून जोरात चोळला होता आणि खाली रबरी रिंग सरकवली होती. वाटेत दवाखान्यातल्या नम्रता सिस्टरांनी हे ऐकलं मात्र, कोरडं उत्तर दिलं.

"काका, कारखान्यात पितळ घासत होतात ना? बायको पितळेची नाही. चट्टा फुटला तर जखम हाडापर्यंत जाईल, मग काकू हाती लागणार नाहीत."

रिंग काढा, दर दोन तासांनी कूस बदला, ओढू नका, उचला, असं त्यांनी बजावलं.

दुकानात गर्दी होती. तात्यारावांना उशीर झाला. परत आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. आत मात्र मशेरीचा वास. घरात मशेरी कोणी लावत नव्हतं.

चंपा भिंतीकडे वळलेली होती. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. चादरीवर एक सुरकुती नाही.

"कोण आलं होतं?"

"सत्यशीलाताई..."

तात्यारावांनी वळून दाराकडे पाहिलं. सत्यशीला शेजारची, निपुत्रिक, मशेरीची सवय असलेली. कित्येक वर्षं अंथरुणात होती. हातातला घास सोडून चंपा तिची कूस बदलायला जायची आणि तात्याराव कुरकुरायचे. सत्यशीला गेली तेव्हा आंघोळ घालणाऱ्या बायकांनी तिची पाठ पाहिली. साधा ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दामच स्वयंपाकघरात थांबले. कूस बदलायची वेळ झाली. खाट करकरली. दाराआडून पाहिलं तर चंपा अंथरुणापासून बोटभर वर होती. कोणी दिसत नव्हतं. ती अलगद वळली, कातडी कुठं घासली नाही. तात्यारावांची नजर हटेना. जन्मभर फिटरकी केलेला माणूस. असं सफाईचं काम त्यांनी पाहिलं नव्हतं.

रोज पाहिलं. पाहून शिकले.

एका दुपारी चट्टा पुरता मावळलेला दिसला.

"अहो," चंपा हळूच म्हणाली, "फिटलं म्हणाली ती... आता तुम्ही."

तात्यारावांनी तिच्या पाठीखाली हात घातले. तिथं आधीच दोन हात होते. गार. त्या हातांनी चंपाचा भार तात्यारावांच्या तळव्यांवर दिला आणि खालून निघून गेले.