बंद कुरणात कोण चरलं?

"आमच्या शेळ्या विकायच्या? मुळीच नाय!" हेमांगीने पाय आपटला.

यंदा पावसाने दगा दिला होता. पाम गावच्या गायरानात गवत जेमतेम उरलं होतं. म्हणून ग्रामसभेने अर्धं गायरान कुंपण घालून बंद केलं. उरलेल्या अर्ध्यात प्रत्येकाने निम्मीच जनावरं चारायची, असं ठरलं. तरी बंद भागातलं गवत कुणीतरी फस्त करत होतं! राखणदार एकनाथकाकांनी हेमांगीच्या आईच्या, जमनाबाईंच्या, शेळ्यांवर बोट ठेवलं. संध्याकाळच्या सभेत त्या शेळ्यांना गायरानबंदी होणार होती. चारा विकत घ्यायची ऐपत नाही. मग विकण्यावाचून काय उरतं?

"चल, चोर शोधू!" भाग्येश म्हणाला. त्याचे बाबा बोईसरच्या कारखान्यात कामाला, घरी जनावरं नाहीत. सुट्टीभर तो हेमांगी आणि तिच्या शेजारच्या दर्पणबरोबर उंडारायचा.

तिघं कुंपणाच्या आत शिरले. हेमांगी थबकली. "करवंदीची जाळी बघा! एक पान तुटलेलं नाय!"

"मग?" भाग्येशने विचारलं.

"मग काय, शहाण्या! शेळी आधी झुडपावर तुटून पडते. ह्या आमच्या शेळ्या नायच!"

धुळीत मोठाल्या खुरांचे ठसे होते आणि मधून ओंडका फरफटल्याची रेघ.

"लोढणं!" दर्पण ओरडला. "पळकुट्या जनावराच्या गळ्यात लाकूड बांधतात ना, ते! गावात एकाच म्हशीला हाय. एकनाथकाकांच्या!"

"पण पोरांचं ऐकणार कोण?" भाग्येश म्हणाला.

"आपलं नाय ऐकलं तर नाय. म्हशीचं ऐकतील!"

सभेत दर्पणने लोढण्याच्या रेघेबद्दल विचारलं, तसे एकनाथकाका गरजले, "माझी म्हैस गोठ्यात पेंढा खाते! कुरणाची वाटसुदा तिला ठाव नाय!"

"मग सोडा की तिला, काका!" हेमांगी उठून म्हणाली.

"गप गं! मोठ्यांमध्ये बोलू नको!"

सरपंच चंद्रकांताताई हसल्या. "सोडा, एकनाथभाऊ. वाट ठाव नाय ना?"

म्हैस सुटली. लोढणं खडखडवत थेट बंद कुरणाकडे निघाली, मागे अख्खा गाव! शिंगाने काटेरी फांदी बाजूला सारून ती आत शिरली आणि निवांत चरू लागली.

"एकच तर म्हैस..." काका पुटपुटले.

"सगळ्यांनी एकेकच सोडली असती, तर नुसती माती उरली असती!" ताई कडाडल्या. "म्हैस आता घरीच बांधा. शाब्बास, पोरांनो! आमी ठशांवरून चालत गेलो, पण खाली नाय बघितलं. मात्र गेलेलं गवत परत येत नाय. उद्यापासून प्रत्येकाचं आणखी एक जनावर कमी."

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. आधी कोण बोलणार?

हेमांगीने आईकडे पाहिलं. जमनाबाईंनी होकाराची मान डोलावली.

"पहिली शेळी आमची," हेमांगी म्हणाली. "तिला मी घरी पाला आणून घालीन."

मग एकेक हात वर होऊ लागला.