हरकतीखालचा अंगठा

साहेब, नारू मांगेल्याला समुद्रानं मारलं नाही. तुमच्या कचेरीनं मारलं. भरदिवसा, एका शब्दानं.

मी डहाणूला कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शाळा नाही. इंग्रजी जुन्या फायलींवरून शिकलो, पोर्तुगीज दमणच्या एका आचाऱ्याकडून. एकोणसाठ साली नारूची होडी दमणच्या हद्दीत गेली आणि तो धरला गेला. बासष्टला, पोर्तुगीज गेल्यावर, कैदी परतले. नारू नाही परतला. तिथल्या किल्ल्याच्या दरवाजावरून उतरवलेला कागद तेवढा आला. वर ठळक ‘एदिताल’. खाली: नारू मयत समजावा, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

त्या शब्दासाठी मी भाषांतरात ‘पब्लिक नोटीस’ लिहिलं. तुमच्या कारकुनानं खोडून ‘नोटिफिकेशन’ केलं.

“अहो, नोटिशीवर माणूस बोलू शकतो,” मी म्हणालो. “नोटिफिकेशन म्हणजे झालं ते झालं.”

“मग बरंच की. फाईल मिटेल.”

मी खाली सही केली. ती माझी चूक.

फाईल मिटली म्हणजे शोध मिटला. नारूची बायको देवकी मासळीची पाटी उतरवून माझ्यासमोर बसली.

“दादा, हरकत लिव. तो हाय.”

लिहिली. तिनं अंगठा लावला.

दुसऱ्या दिवशी कारकून खेकसला, “काय हो, एका बाईला अंगठे किती?”

तिच्या ठशाशेजारी दुसरा ठसा होता. डावा. बाई उजवा लावते, डावा पुरुषाचा. अर्ज रात्रभर कपाटात, किल्ली तुक्या शिपायाच्या कमरेला. तरी शाई ओली. कागदाला खाऱ्या पाण्याचा वास. ठशाच्या मधोमध आडवी चीर.

देवकीनं पाहिलं. “त्याचाच. जाळ्याच्या दोरीनं कापलेला,” एवढंच बोलली.

तुम्ही शेरा मारलात: नोटिफिकेशनवर हरकत चालत नाही.

पुन्हा लिहिली. पुन्हा शेरा. पुन्हा डावा अंगठा.

सहा अर्ज झाले. तुक्यानं किल्ली टेबलावर टाकली. “मी नाय उघडणार आता ते कपाट.”

काल सहाही कागद ओळीनं मांडले. पहिल्यावर रेषा स्वच्छ. तिसऱ्यावर फुगलेल्या, फार दिवस पाण्यात राहिलेल्या बोटासारख्या. पाचव्यावर तुरळक.

सहाव्यावर नुसती चीर.

देवकी बाहेर बसलीय, सातव्या अर्जासाठी. साहेब, तो शब्द बदला. नाहीतर सांगा, या खेपेला तो कागदावर काय टेकवणार?

उत्तर द्या. लेखी.